दोन टेबलांचे चेअरमन

दुपारी मुंबईचा ट्रंक कॉल लागला, की आमचे चेअरमन खुर्चीतून अर्धे उठत, डाव्या हाताने रिसीव्हर कानाशी दाबत आणि उजव्या हाताची मूठ खिडकीबाहेर काढत. ती मूठ पाहून खाली वॉचमन शिट्टी वाजवी, आणि शिट्टी ऐकून फेटलिंगमधली सगळी चाकं थांबत. फेटलिंग म्हणजे ओतलेल्या नगांचे काठ घासण्याचा विभाग. ती चाकं चालू असली की शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नसे, मग मुंबईचं कुठून येणार? चाकं थांबली की साहेब फोनमध्ये ओरडत, "हां, बोला! भाव काय?"

पलीकडे शेअर बाजारातला दलाल असे. आमच्या कंपनीचा शेअर आज कितीला गेला, एवढंच तो सांगे. कारखान्याची किंमत किती, हे ऐकण्यासाठी रोज कारखाना बंद ठेवावा लागे. मी तिथे स्टेनो होते. हे मला पहिल्या आठवड्यातच खटकलं आणि पुढची सगळी वर्षं खटकत राहिलं. पगार वेळेवर होत होता, त्यामुळे खटकण्यापलीकडे मी काही केलं नाही.

आमच्या कोल्हापुरात चेअरमन या पदाला तोटा नाही. दूधसंस्थेचे चेअरमन असतात, पाणीपुरवठ्याचे असतात, पतपेढीचे असतात. रंकाळ्यावर उभं राहून "ओ चेअरमन" अशी हाक मारून बघा, भेळ खाणारे निम्मे लोक मागे वळतील. म्हणूनच आमच्या साहेबांना कुणी "कशाचे चेअरमन?" असं विचारलं की त्यांचा चेहरा उतरे.

"पब्लिक लिमिटेड," ते म्हणत. "मुंबईत बोली लागते आमच्यावर. गावच्या डेअरीचा न्हवं मी."

त्यांच्या वडिलांचं शहरात लेथचं छोटं दुकान होतं. यांनी शिरोलीला माळावर प्लॉट घेतला, कोळशाची भट्टी उभारली आणि पंप, इंजिनं, ट्रॅक्टर यांचे भाग ओतायला सुरुवात केली. माणूस मेहनती होता, हे कबूल करायला हवं. सकाळी सर्वांच्या आधी येत आणि तापल्या लोखंडाच्या इतक्या जवळ जात की सफारीच्या बाह्यांना बारीक बारीक भोकं पडलेली असत. इतकंच करून ते थांबले असते, तर मी आज त्यांच्यावर काही लिहिलं नसतं. पण त्यांनी कंपनी पब्लिक केली. शेअर विकायला काढले.

शेअर विकण्याची त्यांची पद्धत म्हणजे जीपमध्ये बसून गारगोटीपासून जोतिबाच्या डोंगरापर्यंत गावोगाव फिरणं. लोकांनी शेअर घेतले. कशासाठी घेतले, ते पहिल्या वार्षिक सभेत कळलं. सभा मंगल कार्यालयात होती. साहेबांचं भाषण संपलं आणि गारगोटीकडचे एक पटकेवाले आजोबा उठले.

"ते समदं झालं. साखर कवा मिळणार?"

साहेब म्हणाले, "कसली साखर?"

"आवो, शेअर घेतलाय की मी. उसाच्या कारखान्यातबी शेअर हाय माझा, तितं दिवाळीला साखर मिळती. तुमच्यातनं काय मिळणार?"

"आपल्यात लोखंड ओततात, आजोबा. आपल्यात डिव्हिडंड मिळतो."

"त्यो किलोवर का नगावर?"

सगळं कार्यालय हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी पाहिलं की दाराशी कितीतरी माणसं काखेत रिकामी पिशवी घेऊन आलेली होती. त्या पिशव्या त्यांच्या मनात बसल्या त्या बसल्याच. दुसऱ्या वर्षापासून त्यांनी डिव्हिडंड सुरू केला, म्हणजे नफ्यातला वाटा भागधारकांना वाटणं सुरू केलं. तेही चेकने नाही. "चेक म्हंजे कागुद," ते म्हणत. "लक्ष्मी हातात द्यायची असती." सभेच्या दिवशी टेबल मांडून रोख वाटप. सोबत जेवण. मटणाचं, आणि माळकऱ्यांसाठी वेगळी पंगत.

आता डिव्हिडंड ही गोष्ट मुळात वाईट नाही. नफा झाला, वाटला. पण आमच्या साहेबांनी त्याचा जावई करून टाकला. तुम्हाला माहीत आहे, एकदा दिवाळसणाला जावयाला अंगठी घातली की पुढच्या सणाला रुमालावर भागवता येत नाही. घातली त्याहून जड घालावी लागते, निदान तेवढी तरी. एका वर्षी पुण्याच्या गिऱ्हाइकांनी पैसे थकवले होते, तिजोरीत खडखडाट होता, तरी साहेबांनी डिव्हिडंड वाढवला. मी शॉर्टहँड घेता घेता थांबले.

"साहेब, यंदा नफा कमी आहे ना?"

"बाई, नफा आपल्या घरात असतो. डिव्हिडंड चावडीवर. लोकं काय बघत्यात?"

"चावडी."

"मग लिवा."

मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मूठ बाहेर आली, चाकं थांबली आणि भाव चढल्याचं कळलं. साहेबांनी फोन ठेवून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विद्यापीठ आणि ते पेपर सोडवून आलेले विद्यार्थी.

त्यांच्या डोक्यात आणखी एक सिद्धान्त पक्का बसला होता, आणि खरा घोळ त्यानेच केला. कंपनी नवी असताना, डिव्हिडंड अजून सुरूही झाला नव्हता तेव्हा, त्यांनी साचे बनवायच्या यंत्रासाठी बँकेचं कर्ज काढलं होतं. त्या वेळी कर्जाची बातमी फुटली आणि भाव वर गेला. बाजारातल्या लोकांनी सरळ विचार केला होता: हा माणूस वाटत काही नाही, म्हणजे घेतलेलं सगळं यंत्रात घालणार. साहेबांनी मात्र निष्कर्ष असा काढला की कर्ज काढलं की भाव चढतो. "कर्ज म्हंजे पत," ते भेटेल त्याला सांगत. "ज्याला कोण उधार देत न्हाय, त्यो कसला कारखानदार?" आता डिव्हिडंड दिला की भाव चढतो, कर्ज काढलं की भाव चढतो, मग दोन्ही एकदम केलं तर? या प्रश्नाने त्यांची झोप उडाली नाही. त्यांना उत्तर आधीच मिळालेलं होतं.

संधीही चालून आली. पुण्याच्या ट्रॅक्टर कंपनीचा तपासनीस आमच्याकडे येऊन एकेक नग ठोकून बघू लागला. पुष्कळ नग तो बाजूला काढी. आतून पोकळ, बुडबुडे राहिलेले. जाताना तो सांगून गेला की विजेची भट्टी बसवा, नाहीतर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल. पुढच्या दिवाळीपर्यंत मुदत. ट्रॅक्टरचं काम म्हणजे आमच्या कारखान्याचा निम्म्याहून अधिक जीव होता. भट्टी आली तर कारखाना राहणार, नाही आली तर शिरोलीच्या माळावर आणखी एक पत्र्याची रिकामी शेड. हे साहेबांना कळत होतं, मला कळत होतं, आणि भट्टीवरच्या मिस्त्रींना तर सगळ्यात जास्त.

मिस्त्री आमचे ओतकामाचे प्रमुख. त्यांच्या घरात आजोबा-पणजोबांपासून पितळ ओतत आले होते. बोलणं मोजकं, पण टोचून. "साहेब," ते म्हणाले, "कोळशाच्या भट्टीत लोखंड त्याच्या मर्जीनं वितळतंय. आमच्या मर्जीनं वितळाय पायजे."

"देतो की भट्टी," साहेब म्हणाले. "कर्ज काढतो."

मुंबईच्या एका सरकारी वित्तसंस्थेचे अधिकारी येऊन कारखाना बघून गेले. सज्जन माणूस, चहात साखर न घेणारा. कर्ज द्यायला ते तयार होते, व्याजही माफक. अट एवढीच, की कर्ज फिटेपर्यंत डिव्हिडंड बंद, आणि संचालक मंडळावर संस्थेचा एक माणूस बसेल.

साहेबांनी त्यांना फाटकापर्यंत पोचवलं, हसून हात जोडले, आणि वर येऊन टेबलावरचा पेपरवेट इतक्या जोरात आपटला की माझी पेन्सिल खाली पडली.

"माझ्या जावयाला काय घालायचं ह्ये सावकार सांगणार?"

मी म्हटलं, "साहेब, भट्टी येईल की. डिव्हिडंड काय, नंतर देता येईल."

"नंतर? बाई, एकदा न्हाय म्हणालो की लोकं म्हणणार, दिवाळं वाजलं. मुंबईत भाव मातीला मिळंल. ही रिकाम्या पिशव्या घिऊन आल्याली माणसं, त्यांच्यापुढं उभा राहून मी न्हाय म्हणू?"

त्यांना खरोखर भीती वाटत होती. तापल्या लोखंडाजवळ जाणारा माणूस, पण मंगल कार्यालयातल्या माईकसमोर "नाही" हा शब्द उच्चारायचा म्हटलं तर त्याला घाम फुटत होता. मग त्यांनी स्वतःची तोड काढली. वित्तसंस्था नको. आपल्याच माणसांकडून मुदत ठेवी घ्यायच्या, बँकेपेक्षा जास्त व्याज द्यायचं. आपलीच माणसं, अट कोण घालतंय? त्यातून भट्टी, आणि डिव्हिडंड ठरल्याप्रमाणे. उलट यंदा थोडा वाढवूनच.

त्या वर्षीची सभा मी विसरणार नाही. साहेब आदल्या दिवशी स्वतः कार्यालयात उभे राहून मांडणी करून घेत होते. दाराच्या डाव्या हाताला ठेवी स्वीकारण्याचं टेबल, आणि त्याला अगदी खेटून डिव्हिडंड वाटपाचं टेबल.

मी म्हटलं, "साहेब, टेबलं लांब ठेवूया. एक इकडे, एक स्टेजच्या मागे."

"का म्हणून?"

"चांगलं दिसत नाही."

"लग्नात आहेर लिवून घ्यायचं टेबल दाराशी असतंय का न्हाय? आणि टॉवेल-टोपी द्यायचं त्याच्या शेजारी? माणसाला हिंडाय लावायचं न्हाय, बाई."

"हे लग्न नाही, साहेब."

"चोरी हाय काय?"

"चोरी नाही. पण दिसतं."

"दिसाय पायजे म्हणूनच की! लोकांचा विश्वास किती हाय, ते दिसू दे." आणि खरंच, त्यांनी दोन्ही टेबलांवर सारख्याच रंगाच्या चादरी घालायला लावल्या.

सभेच्या दिवशी रांग लागली. लोक एका टेबलावर डिव्हिडंड घेत, कोपर वळवत आणि दुसऱ्या टेबलावर ठेव म्हणून ठेवत. काहींना तेवढेही कष्ट नको होते. पटकेवाले आजोबा आमच्या कारकुनाला म्हणाले, "माझ्या हातात कशापायी देतोस? ह्यातलं त्यात सरकव की. माझा हात मधी आला काय आन् न्हाय आला काय."

दुपार व्हायला लागली तशी डिव्हिडंडच्या टेबलावरची रोकड संपली. कारकून गोंधळला. त्याने साहेबांकडे पाहिलं. साहेब स्टेजवर सत्कार घेत होते. त्यांनी तिथूनच मान हलवली. मग कारकुनाने शेजारच्या टेबलावर हात लांब केला, ठेवींतलं रबर लावलेलं नोटांचं एक पुडकं उचललं आणि आपल्याकडे घेतलं. वाटप पुढे सुरू.

आमच्या माणसांपैकी हे मी सोडून कुणी पाहिलं नाही. बाकीची रश्श्यात गढली होती. पण त्या वर्षी मुंबईच्या दलालाने आपला एक माणूस सभेला पाठवला होता. साहेबांनीच आग्रहाने बोलावलेला, आपलं वैभव बघायला. किडकिडीत, पांढऱ्या बुशशर्टातला, शाकाहारी. माळकऱ्यांच्या पंगतीत तिखट आमटीचा एक घास घेऊन त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मी त्याला दहीभात आणून दिला. ताट हातात घेऊन तो दाराशी उभा राहिला. एवढ्या गर्दीत बघायला वेळ असलेला तो एकटाच. पुडकं या टेबलावरून त्या टेबलावर गेलं, तेव्हा त्याचा घास हातातच राहिला. मग त्याने शांतपणे भात संपवला, मला "थँक्यू, बेन" म्हटलं आणि रात्रीच्या गाडीची वेळ विचारली.

पुढच्या कामाच्या दिवशी दुपारी कॉल लागला. साहेब अर्धे उठले, मूठ बाहेर आली, शिट्टी वाजली, चाकं थांबली. "हां, बोला! भाव काय?" रिसीव्हर त्यांनी कानावर आणखी दाबला. मग पुन्हा मूठ बाहेर काढून हलवली. "ऐकाय येत न्हाय! ओ, बंद करा म्हटलं न्हवं!"

खाली वॉचमनने बिचाऱ्याने पुन्हा शिट्टी वाजवली. बंद करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. छतावर कबुतरं घुमत होती, तेवढाच आवाज. मला माझ्या टेबलापाशी दलालाचा फोनमधला बारीक आवाजसुद्धा ऐकू येत होता. आकडा कळला नाही, पण तो एकच आकडा पुन्हा पुन्हा सांगत होता, आजाऱ्याच्या नातेवाइकांना सांगावा तसा.

भाव पडला, दुसऱ्या दिवशी आणखी पडला. साहेबांना कळेना. "डिव्हिडंड वाढवला. कर्जबी काढलं. मग पडला कसा?" हे ते इतक्या निरागसपणे विचारत की त्यांची कीव यावी. मी सांगून टाकलं, "साहेब, ऋण काढून सण करणाऱ्याला गाव काय म्हणतं? तेच मुंबई म्हणाली. कर्ज पहिल्यांदाही काढलं होतं. तेव्हा तुम्ही वाटत नव्हता, म्हणून लोकांना यंत्र दिसलं. आता वाटत बसलाय, म्हणून टेबल दिसलं."

"तुम्हाला लई कळतंय."

"मला नाही कळत. मी घर चालवते."

मग गारगोटीची एस.टी. येऊन थांबायला लागली. ठेवीदार उतरत आणि सरळ वर येत. सगळ्यांच्या पुढे पटकेवाले आजोबा.

"पैसं बुडाल्यात म्हणं?"

"कोण म्हणतंय?" साहेब उसळले.

"ममई म्हणतीया."

"ममईला काय कळतंय? हितं माळावरनं काय चाललंय ते त्यास्नी दिसतंय व्हय?"

"आता गं बया!" आजोबा म्हणाले. "धा वर्सं तुमीच सांगतायसा की, ममई खोटं बोलत न्हाय. भाव चढला की ममई शानी, आन् पडला की खुळी?"

ठेवी मुदतीआधी देणं बंधनकारक नव्हतं, पण आपल्या माणसाला ते कसं सांगणार? जे पैसे भट्टीसाठी बाजूला ठेवले होते, ते मागेल त्याला परत जाऊ लागले. भट्टी बनवणाऱ्यांच्या तारा येऊ लागल्या: आगाऊ रक्कम भरा, नाहीतर तुमची भट्टी दुसऱ्याला देतो. दिवाळीच्या मुदतीतले महिने सरत होते. साहेब रोज म्हणत, "बघतो."

शेवटी पुण्याहून ट्रक आला. आम्ही पाठवलेला सगळाच्या सगळा माल नापसंत होऊन परत आला होता. ड्रायव्हरने फाटकाच्या आत तो ओतला आणि निघून गेला. साहेब खाली गेले. मी खिडकीतून बघत होते. त्यांनी एक नग उचलला, उलटा केला, पोकळीत बोट घातलं. मिस्त्री शेजारी येऊन उभे राहिले.

"वितळवू परत, साहेब. लोखंड काय, शंभरदा वितळंल," मिस्त्री म्हणाले. "पर परत ह्याच भट्टीत?"

साहेब नग तसाच हातात घेऊन वर आले. सफारीला काळं लागलं होतं. नग त्यांनी माझ्या टाइपरायटरशेजारी ठेवला.

"बाई, त्या बिनसाखरेच्या साहेबांना लिवा. अट मान्य."

मी कागद चढवला. ठराव लिहून झाला तसे ते माझ्या खांद्यामागे येऊन उभे राहिले.

"'लाभांश देणार नाही' असं नको. 'तूर्त स्थगित' असं करा."

"त्यांच्या अटीत 'देणार नाही' आहे."

"तुम्ही माझ्याकडं कामाला हाय का त्यांच्याकडं?"

"मी कारखान्यात कामाला आहे, साहेब. कारखाना राहिला तर."

त्यांनी सही केली. त्यांची सही नेहमी पानभर पसरायची, खाली दोन रेघा आणि त्यावर टिंब. त्या दिवशी रेघा आल्या नाहीत.

संस्थेने सांगितलं, भागधारकांना हे सभेत स्पष्ट सांगा. मग खास सभा बोलावली. तेच मंगल कार्यालय, फक्त टेबलं नव्हती. साहेब माईकपाशी गेले आणि कागद उलगडला. त्यांनी प्रस्तावना केली, भट्टीचं सांगितलं, वडिलांच्या लेथच्या दुकानाचं सांगितलं, पुन्हा भट्टीचं सांगितलं. पहिल्या रांगेतल्या मिस्त्रींनी घसा खाकरला. तेव्हा कुठे साहेब म्हणाले, "म्हणून, कर्ज फिटेपर्यंत, डिव्हिडंड मिळणार न्हाय."

मागे कुठेतरी लहान मूल रडलं. साहेबांनी डोळे मिटून घेतले होते, हे मी स्वतः पाहिलं. मग पटकेवाले आजोबा उठले.

"आन् जेवान?"

"जेवण आहे," साहेब म्हणाले.

"मटणाचंच?"

"व्हय."

"मग बसा की खाली! कवाधरनं उभा ऱ्हायलायसा." लोक हसले, टाळ्या वाजवल्या आणि पंगतीकडे निघाले. ज्या शब्दापायी या माणसाने वर्षभर कारखाना पणाला लावला होता, तो शब्द लोकांनी ताटावर बसेपर्यंतसुद्धा लक्षात ठेवला नाही.

आणि मुंबई? कर्ज पूर्वीच्या ठेवींपेक्षा कितीतरी मोठं, वर डिव्हिडंड शून्य. साहेबांच्या हिशेबाने भाव जमिनीत गाडला जायला हवा होता. तो सावकाश वर सरकायला लागला. या पैशाला आता भट्टीशिवाय दुसरी वाट नाही, हे बाजाराला कळलं होतं. साहेबांना आनंद व्हायला हवा होता. त्यांना अपमान वाटला. "वाटत होतो तेव्हा थुकले, आन् हात आखडला तर आरती! ही काय माणसं हैत, बाई?"

संचालक मंडळावर आलेला संस्थेचा माणूस तरुण आणि शिस्तीचा होता. पहिल्याच दिवशी दुपारी त्याने विचारलं, ही चाकं का थांबली? साहेब कधी नव्हे ते कागद वाचण्यात गढून गेले. त्यानंतर मूठ बाहेर आली नाही. महिन्याभरात त्या माणसाने रोजचा कारभार पाहायला एक मॅनेजर नेमला, साहेबांना 'सल्लागार' केलं आणि मागच्या बाजूची खोली दिली. खोलीत पंखा होता, फोन नव्हता. सल्ला विचारायला कुणी जात नसे. मी चहा पाठवत असे. नंतर एके दिवशी चहा तसाच परत आला, आणि मग ते यायचेच थांबले. ठेवीदारांचे पैसे पुढे सगळे परत गेले. ते काम माझ्याकडे होतं, म्हणून खात्रीने सांगते.

त्यानंतर ते फार वर्षं जगले नाहीत. पण मला ते आठवतात ते शेवटच्या आजारातले नाहीत, भट्टी सुरू झाली त्या दिवशीचे आठवतात.

साहेब यायचे थांबल्यावर, दिवाळीच्या आधी, भट्टी बसली. मिस्त्रींनी नारळ फोडायला साहेबांना निरोप धाडला होता. ते आले नाहीत. नारळ मिस्त्रींनीच फोडला, पहिलं लोखंड निघालं, पुण्याचा तपासनीस ठोकून बघून मान हलवून गेला. संध्याकाळी मी बसला निघाले तर हायवेच्या पलीकडे, चहाच्या टपरीशेजारी, साहेब उभे. नवी सफारी, बाह्यांना एकही भोक नाही. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून ते आमच्या कारखान्याच्या पत्र्याकडे बघत होते.

मी रस्ता ओलांडून गेले. "साहेब, इथे काय करताय? आत चला की."

"भट्टी चालू हाय म्हणं?"

"सकाळपासून."

"धूर कुठाय?"

"विजेची आहे साहेब. कोळसा नाही, मग धूर कुठला?"

त्यांना ते पटलं नाही. कोळशाच्या भट्टीचा धूर पंचगंगेच्या पुलावरून दिसायचा. पुलावर गाडी आली की ते ड्रायव्हरला हळू करायला लावून तो बघायचे, हे त्यांच्या ड्रायव्हरनेच मला सांगितलं होतं.

"मग लोकांनी कशावरनं वळखायचं," ते म्हणाले, "कारखाना चाललाय म्हणून?"

"आत येऊन बघायचं. मिस्त्री वाट बघतायत."

"नको. मी हितनंच बघतो."

माझी बस आली. चढून खिडकीपाशी बसले आणि मागे वळून पाहिलं. ते टपरीवाल्याला कोपराला धरून रस्त्याच्या कडेला घेऊन आले होते आणि पत्र्याकडे बोट दाखवून त्याला काहीतरी सांगत होते. टपरीवाला माना डोलावत होता, दिसत काहीच नसताना.